डावी बाही

माफ करून शिंपीणबाईंच्या पदरात पडणार होती ती फक्त झोप. सौदा काही वाईट नव्हता. एकुलता एक मुलगा गाडीखाली गेल्यापासून त्या ड्रायव्हरला शिव्याशाप देऊन देऊन त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

तो ड्रायव्हर आपल्या आईला घेऊन दुकानात आला.

"केलं माफ," त्या म्हणाल्या. "नुसत्या शब्दांनी तुला पटायचं नाही. उभा राहा, शर्ट शिवून देते."

त्यांनी टेप लावली. छाती अडतीस. गळा पंधरा. डावी बाही अर्धा इंच आखूड.

त्यांचा हात थबकला. हे माप त्यांच्या मुलाचं होतं.

"काखेत सैल ठेव गं आई," तो कंटाळून त्यांना म्हणाला. "दरवेळी घट्ट करतेस."

बाकावरची त्याची आई उठली. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं, मग दुकानभर नजर फिरवली.

"ताई, माझा मुलगा आत्ता इथेच होता. कुठे गेला?"