राजकन्येचा विलाप

या, जवळ सरकून बसा. इवलीशीच गोष्ट आहे, पण मन लावून ऐका. आई गेल्यापासून एका शाळकरी मुलीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. "रडतच नाही हो, बाई. आतल्या आत कोंडून बसलीये," वडील शाळेच्या फाटकाशी तिच्या वर्गाच्या बाईंना म्हणाले. वर्गात तेव्हा एक जुनं नाटक चाललं होतं. बाकांच्या क्रमाने एकेकीने वाचायचं. त्या दिवशी बाईंनी क्रम मोडला आणि राणीच्या मरणावरचा राजकन्येचा विलाप तिला दिला.

"बाई, आज माझी पाळी होती," मागच्या बाकावरची कुरकुरली.

"तू उद्या राजा हो. त्याला वाक्यं जास्त आहेत."

मुलगी सपाट आवाजात वाचू लागली. "माते, तुजवाचून हा महाल सुना झाला. माते, आता मजला कोण…" इथे ती अडखळली. पुस्तकावरून नजर उचलून म्हणाली, "आई, मला अजून वेणी घालता येत नाही गं." आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

"बाई, हे वाक्य पुस्तकात नाहीये," मागची म्हणाली.

"माझ्या पुस्तकात आहे," बाई म्हणाल्या. "वाच बाळा, पुढे वाच."

घरी गेल्यावर तिने कितीतरी दिवसांनी आपणहून जेवायला मागितलं. देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या बाईंची आठवण असू द्या.