मेलेल्याची अट

मरायला सुखदेवची ना नव्हती. उठायला मात्र तो तयार नव्हता.

सौंसरच्या चर्चच्या आवारात, कडुनिंबाखाली, दोरीच्या खाटेवर तो पांढरी चादर ओढून पडला होता. खाट म्हणजे कबर. नाटक उद्या सकाळी, ईस्टरला, आणि तालीम सकाळपासून या कबरीपाशीच अडकलेली.

"ऊठ ना रे बाबा," एलिया मास्तर म्हणाले. नाटक त्यांनीच लिहिलेलं, त्यांनीच बसवलेलं.

"मास्तर, पाठीवर कोडे खाल्ले, क्रूस वाहिला, मेलो. येशूले मी खोटं म्हटलं का? पण मुडदा चालत बाहेर आला, हे माह्याच्यानं नाई होत. मी आता बहाई झालो, आमच्या धर्मात त्या उठण्याचा अर्थ येगळा हाये."

चर्चमधल्या प्रत्येक तरुणाला रोमन शिपाई व्हायचं होतं. भाला, मिशी, टिनाचं चिलखत. तीन प्रवेश मुकाट्यानं पडून राहायला कुणी तयार होईना. सुखदेवला दाढी होती, आणि पाण्याच्या टाकीवर सरकारी नोकरी असल्यामुळे पडून राहायची सवयही. जन्म बौद्धाच्या घरी, नाव बहाईंत, पार्ट येशूचा. सौंसरात यात कुणालाच अडचण नव्हती. अडचण होती ती खुद्द येशूला.

"मंग तिसऱ्या दिवशी उठलं कोण?" मास्तरांनी विचारलं.

सुखदेवनं तोंडावरची चादर गळ्यापर्यंत खाली घेतली. "शिष्य उठले. प्रभू गेल्यावर सगळे भेऊन, हिंमत हारून पडले होते. त्याचं काम मेल्यासारखंच झालं होतं. मंग त्याह्यच्यात जीव आला, कामाले लागले. तेच त्याचं शरीर, अन् तेच उठणं. हाडामासाचं नाई."

मास्तर खाटेच्या काठावर बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सुखदेव, माही माय त्या चर्चच्या भिंतीमांगं पुरली हाये. तिले मी पुन्हा तिच्याच तोंडानं पाहीन, या भरवशावर मी जगून राहिलो. प्रभू हाडामासाचा नाई उठला, त मंग ती कशी उठन?"

सुखदेवनं चादर पुन्हा तोंडावर ओढून घेतली. मेलेल्या माणसाला एवढी तरी सोय असते.

"सुखदेवभाऊ," चादरीवरून आवाज आला. मास्तरांच्या बायकोचा, प्रमिलाबाईंचा. दरवर्षी मग्दालिया मरीया त्याच व्हायच्या. सुगंधी तेलाची म्हणून लोणच्याची बरणी हातात धरून येशूच्या कबरीपाशी रडायचं, एवढंच काम. "त्या शिष्यायले उठवलं कोणं, म्हणता?"

"मग्दालिया मरीयानं, वहिनी. तिनंच सगळ्यायले गोळा केलं, हिंमत देल्ली."

"म्हणजे ह्यायच्या नाटकात मी नुसतं रडाचं. अन् तुमच्या हिशेबानं सगळं काम माह्याच आंगावर?"

"हाव," कबर म्हणाली.

"मंग घरच्यासारखंच हाये."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं असावं, कारण मग म्हणाल्या, "अन् शिष्य कुठं हायेत?"

शिष्यांची कामं करणारे आवारात नव्हतेच. वाद रंगला तसा एकेक जण सटकला होता. बरणी खाटेच्या पायाशी ठेवल्याचा आवाज आला, आणि वहिनींच्या चपला तरातरा फाटकाबाहेर गेल्या. सुखदेव पडल्या पडल्या ऐकत राहिला. फाटकाशेजारच्या भिंतीपलीकडेच चहाचं हॉटेल होतं.

"ओ नत्थूजी! शिष्यायचे पेत्र ना तुम्ही? प्रभू तिकडे मरून पडला अन् तुम्ही पत्ते पिसून राहिले?"

"वहिनी, तालीमच मेली ना जी. मास्तर आयकत नाई, सुखदेव उठत नाई," नत्थूजीचा आवाज.

"मेली त उठवा! मोहगाव-लोधीखेड्याहून लोकं येऊन राहिले उद्या. तुमचं तोंड पाह्याले येतीन का? गुणवंता, तो रसाचा गिलास ठेव खाली!"

थोड्या वेळानं आवारात पावलं वाजली. आधी दोन, मग बरीच. कुणी खोकलं, कुणी विडी विझवली. मग नत्थूजीनं बसक्या आवाजात ईस्टरचं गाणं सुरू केलं. एकेक आवाज त्यात शिरत गेला आणि बघता बघता कडुनिंबाखालची जागा भरून गेली. चादरीखाली सुखदेवच्या अंगावर काटा आला. हेच तर सांगत होतो मी, त्याला वाटलं. फार बरं वाटलं. उठायची गरजच उरली नाही.

पण गुणवंता थोमाचं, येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय तो उठला हे न मानणाऱ्या शिष्याचं काम करत होता, आणि तो घरचाही थोमाच होता. बाजारात वांगं दाबून पाहिल्याशिवाय घेत नसे.

"खरंच नाई उठत का बे हा?" असं म्हणून त्यानं सुखदेवच्या बरगडीत बोट घातलं.

सुखदेवला गुदगुल्या होतात, हे त्याच्या बायकोशिवाय सौंसरात कुणाला माहीत नव्हतं. ते आता सगळ्यांना कळलं. चादर एकीकडे, सुखदेव एकीकडे. पोट धरून, अनवाणी, हसून हसून वाकलेला.

"उठला!" मास्तर ओरडले. "हाडामासाचा उठला! बरगडीसकट!"

"मास्तर," सुखदेवनं डोळे पुसले, "पहिले हे उठले. हे पत्त्यावरून उठले नसते, त बोट आलं असतं कुठून?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेही हसायला लागले. "उद्या असंच कर."

"करतो. पण माही अट हाये. गुदगुल्या झाल्या तरच. आपल्या मनानं नाई उठणार."

"मंजूर. गुणवंता, नखं काप."

कोण आधी उठलं यावर भांडत सगळी मंडळी चहाला निघाली. चपला राहिल्या म्हणून सुखदेव फाटकातून एकटाच माघारी आला.

कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. खाट रिकामी होती. पांढरी चादर नीट घडी करून उशाशी ठेवलेली. बायबलातल्या रिकाम्या कबरीतही शिष्यांना येशूच्या तोंडावरचं कापड असंच नीट ठेवलेलं दिसलं होतं.

घडी प्रमिलावहिनींच्या हातची, हे दिसतच होतं. तरी सुखदेव चपला पायात न घालता, हातात धरून, थोडा वेळ तसाच उभा राहिला.