चार्टखालचं नाव

मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये अरुणा रोज पेपरातले शेअरचे भाव आलेख कागदावर मांडायची, आणि तिचा धाकटा दीर परीक्षित त्याखाली आपली सही ठोकून गुडगावच्या नव्या ऑफिसात ते चार्ट मिरवायचा. आठ-पंधरा दिवसांत खरेदी-विक्री उरकणारे तिथले साहेब त्याच्यावर खूश होते. एकदा अरुणाने विचारलं, "भावजी, कोपऱ्यात माझंही नाव घालू का?"

"अरे यार वहिनी, छापलेले आकडे बघून ठिपके तर जोडायचे! पहिलीतलं पोरही करेल. त्याला नाव कशाला?"

त्याच आठवड्यात एका कंपनीने प्रत्येक शेअरमागे एक शेअर बोनस दिला. शेअर दुप्पट झाले, म्हणून चारशेचा भाव दोनशेवर आला. नुकसान कुणाचंच नव्हतं. एरवी अशा वेळी अरुणा मागचे सगळे भाव निम्मे करून मगच रेघ ओढायची. या वेळी तिने पहिलीतल्या पोरासारखे छापलेले आकडे जसेच्या तसे मांडले.

सोमवारी संध्याकाळी परीक्षित पडलेल्या चेहऱ्याने आला. "वहिनी, भर मीटिंगमध्ये मी म्हणालो, शेअर बुडाला, आजच विका! सगळे पोट धरून हसले. मोठ्या साहेबांनी तर चार्ट हातात घेऊन विचारलं, 'ये किसने बनाया है?'"

अरुणाने शांतपणे चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.



"विचारायचं काय त्यात, भावजी? खाली नाव होतं की!"