चार चाकं, चार रविवार

रिटायर झाल्यावर बाबांनी एकच काम स्वतःकडे ठेवलं होतं: आमच्या जुन्या गाडीची ॲल्युमिनियमची चाकं. दर रविवारी एक चाक, जुना बनियन आणि पॉलिशची डबी. चाकात बघून भांग पाडता आला की ते झालं. चौथं चमकेपर्यंत कलकत्त्याच्या दमट हवेत पहिलं काळवंडायचं. आई म्हणायची, "चार केसांसाठी चार आरसे." बाबांचे गुडघे दुखतात म्हणून, आणि खरं सांगतो, कौतुकासाठीही, मी शनिवारी ड्रिलला पॉलिशचा गोल बफ लावून चारही चाकं चमकवली. वर कोटिंग मारलं. "बाबा, आता दोन वर्षं हात लावायला नको." रविवारी ते सवयीने खाली आले. एका चाकासमोर वाकून भांग पाडला. "छान केलंस रे," म्हणाले. मग बनियन आणि डबी घेऊन गेटवरच्या वॉचमनकडे गेले. "मंडलदा, आपकी साइकिल चमका दूँ?"