सोळा ओळी

सम्यकने हेडफोन काढून टेबलावर आपटले. "ताई, माझ्या सोळा ओळी कुठे गेल्या?"

वर्षभर खपून त्याने गेलेल्या बाबांवर रॅप लिहिला होता: त्यांची सायकल, वीजकेंद्रातल्या राखेने पांढरी पडलेली चप्पल, शेवटचा खोकला. त्याची बहीण शलाकाताई त्या रॅपला ड्रम अँड बेस या वेगवान नृत्यसंगीताची जोड देणार होती. तासाभरात गाणं प्रदर्शित होणार होतं, आणि त्यात छाती हादरवणाऱ्या, धडाधड पळणाऱ्या ठेक्यावर एकच शब्द उरला होता, तोही तुकडे होऊन पुन्हापुन्हा येणारा: बाबा.

"लोक नाचतील यावर!"

"नाचू देत."

"तुला काही वाटतं की नाही?"

ताई वळली. "सोळाच्या सोळा ओळी तू घोकल्यासारख्या म्हटल्यास. फक्त 'बाबा' म्हणताना तुझा गळा दाटून आला. तेवढंच ठेवलं."

"मग बाकीचं कुणाला सांगू?" तो ओरडला.

"मला सांग. बाबा गेल्यापासून माझ्याशी त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. माईकशीच बोललास."

गाणं तसंच प्रदर्शित झालं. सम्यकचा राग काही गेला नव्हता, पण तोवर तो खुर्ची ओढून ताईशेजारी बसला होता.