टॉवेलखालचा डबा

घरातले झाडून सगळे फोटो आणि व्हिडिओ ज्यात साठवले होते, तो वायफायला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा सकाळपासून मुका झाला होता. दिवा लुकलुकायचा, पण ना मोबाइलवर काही उघडत होतं, ना टीव्हीवर. गुफरान पार घायकुतीला आला. डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी घालून तो रिसेट दाबणार, तेवढ्यात त्याच्या बायकोनं, आफरीननं, त्याचं मनगट धरलं.

"थांबा! आहे ते सगळं पुसून बसाल की!"

तिनं डब्यावरचा जाडजूड सोलापुरी टॉवेल उचलला. धूळ बसू नये म्हणून गुफराननंच तो मायेनं पांघरला होता. खाली डबा तव्यासारखा तापला होता.

"लई जीव लावलात. श्वास कोंडला बिचाऱ्याचा."

तिनं डबा बंद करून पंख्याखाली ठेवला आणि तो पुरता निवेपर्यंत कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मग चालू केला. फोटो दिसायला लागले तरी ती हुरळली नाही. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. 

शेवटी तिनं टीव्हीवर गुफरानच्या पहिल्या निकाहचा व्हिडिओ लावला. लाल दुपट्ट्यातली नवरी कुणाच्या तरी बोलण्यावर खळखळून हसत होती.

गुफराननं तोच टॉवेल डोळ्यांना लावला. आफरीननं छोट्या माहेनूरला मांडीवर ओढलं.

"बघ, अशी हसायची तुझी अम्मी."