क्रूझचे बूट

शिवराज एकटाच बुटांच्या दुकानात शिरलेला बघून दुकानदार मार्तंडला नवल वाटलं. मागच्याच महिन्यात तो वडिलांना घेऊन खडेबाजारातल्या या दुकानात आलता. त्यांना बोटीच्या सहलीला, क्रूझवर न्यायचं होतं. क्रूझवर संध्याकाळच्या जेवणाला सुटाखाली काळे बूटच लागतात म्हणे. पण वडगावात जन्मभर अनवाणी पायांनी हातमाग चालवलेल्या जोतिरामआप्पांना एकही जोड मानवला नव्हता. "चावतंय रं," म्हणत ते हसत उठून गेलते.

"आज आप्पा न्हाय आले?"

शिवराजनं खिशातून सुताचा दोरा काढला. "हे त्यांच्या पायाचं माप. लई मऊ दाखवा, काका."

मार्तंडनं माळ्यावरचा जोड काढून दाबून दाखवला. "लोणी हाय बघ. तरी चार दिवस घरात घालून फिरा म्हणावं. चावला तर बदलून देतो."

शिवराज मान खाली घालून उभा राहिला. मार्तंडची नजरही खाली गेली. पोराचे पाय अनवाणी होते.

"उद्या आप्पांचं बारावं हाय, काका. दानात दिलेलं पायताण त्यांना पुढच्या वाटेला होतंय म्हणत्यात. तिथं तरी चावायला नको."